तासाला एक अंश

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत जेवढा पाक बिघडतो, तेवढा उरलेल्या अकरा महिन्यांत मिळून बिघडत नसेल. रव्याच्या लाडवांना एकतारी पाक हवा असतो. शेजारीण दारात येते, दोन शब्द जास्त होतात, तोवर एकतारीचा दोनतारी आणि दोनतारीचा गोळीबंद होतो; मग लाडू खाण्याऐवजी फोडण्याची पाळी येते. कधी उलटच घडते. विरघळलेली साखर पुन्हा दाणे धरू लागते आणि पातेल्याच्या काठाला वाळू जमते. कारण विचारले तर कोणी साखरेला बोल लावते, कोणी गॅसला, कोणी शेजारणीला. खरे कारण बहुधा एकच असते. आच आपल्या सोयीने कमीजास्त झालेली असते, पाकाच्या सोयीने नव्हे.

आमच्या नगर जिल्ह्यात हाच पाक टनांच्या हिशेबाने होतो. (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, पण चाळीस वर्षांची जिभेची सवय लेखणीतही उतरते.) 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली आले आणि बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. आधी खाजगी कंपन्यांचे कारखाने आले. मग लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ या दोघांनी, म्हणजे एका मातीतल्या आणि एका ग्रंथालयातल्या माणसाने, शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना उभा केला. त्याची नोंदणी 1948 सालची, पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना. ही कथा शाळेच्या पुस्तकापासून सभासंमेलनापर्यंत सर्वांनी ऐकलेली आहे. उसाच्या भावाची भांडणेही ऐकलेली असतात. पण त्या उंच धुराड्याच्या पोटात साखर होते कशी, हे कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांनाही ठाऊक नसते. मलाही नव्हते.

मी मराठीचा प्राध्यापक. आमच्यासारख्यांचा आणि कारखान्याचा संबंध म्हणजे स्नेहसंमेलनाची देणगी आणि अध्यक्षांचा सत्कार, एवढाच. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कारखान्यातून निरोप आला, की नवी स्वयंचलित यंत्रणा बसवली आहे, तिची सूचनापत्रे इंग्रजीत आहेत, ती कामगारांना कळतील अशा मराठीत करून द्या. बोलावणारा चीफ केमिस्ट माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला म्हटले, "अरे, मला यंत्रातले काय कळते?" तो म्हणाला, "सर, म्हणूनच तुम्ही हवेत. तुम्हाला कळले तर सगळ्यांना कळेल." हे कौतुक होते की काय होते, यावर मी फार विचार केला नाही.

तर उसाचा रस निघतो, चुना आणि गंधकाच्या धुराने स्वच्छ होतो, आटतो, आणि दाट सिरप होऊन 'पॅन'मध्ये येतो. पॅन म्हणजे दोन मजले उंच बंद भांडे. त्यातली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे आतला रस 60-70 अंशांनाच उकळतो आणि करपत नाही. ही युक्ती एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज रसायनज्ञाने 1813 च्या सुमारास काढली. आपल्या गुऱ्हाळातल्या उघड्या काहिलीत गुळाचा पाक 118-120 अंशांपर्यंत चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे तिचे महत्त्व कळेल. पॅनमध्ये साखरेची बारीक पूड बियाण्यासारखी पेरतात आणि तिच्यावर दाणा वाढवतात. दाणे आणि पाक यांचा जो दाट लगदा तयार होतो त्याला मॅसेक्विट म्हणतात. तो जोराने फिरणाऱ्या जाळीच्या पिंपात घातला की पाक बाहेर उडतो आणि साखर आत राहते. उडालेल्या पाकात साखर उरतेच. म्हणून तो पुन्हा शिजवायचा, पुन्हा फिरवायचा, असे तीनदा. तिसऱ्या खेपेला जो माल निघतो तो 'सी' मॅसेक्विट. काळपट, चिकट आणि हट्टी. त्यातून जे मिळेल ते मिळेल, बाकीचे मळी म्हणून टाकीत जाते.

माझे सूचनापत्र होते या शेवटच्या मालाविषयीचे. आणि इथेच सारा पैसा अडकलेला असतो. मळीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा साखरेचाच असतो. ती सगळी काढता येत नाही, पण थोडी अधिक काढता येते. रोज पाच हजार टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याचा उतारा शेकडा एक दशांशाने वाढला, तर दिवसाला पाच टन साखर जास्त पडते. उसाची किमान किंमत सरकारने उताऱ्याशी बांधलेली आहे, तेव्हा ही साखर कोणाच्या घरची जाते ते सांगायला नको. अलीकडे, 2018 नंतर विशेषतः, दुसऱ्या खेपेची मळीच इथेनॉलकडे वळवण्याकडे कल आला, आणि तसे केले की तिसरे शिजवणे टळते. पण सरकारी धोरण एका वर्षी इकडे तर एका वर्षी तिकडे. 2023 च्या डिसेंबरात ते एकदम फिरले होते. कारखान्याला सी मॅसेक्विटची विद्या विसरून चालत नाही.

ही विद्या आहे थंड करण्याची. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, थंड पाण्यात कमी. 80 अंशांना 100 ग्रॅम पाणी सुमारे 360 ग्रॅम साखर पोटात घेते, 20 अंशांना सुमारे 200 ग्रॅमच. म्हणजे गरम माल थंड करत नेला की पाकाला साखर जड होते आणि तो ती सोडू लागतो. सोडलेली साखर आधीच्या दाण्यांवर बसली तर दाणा फुगतो. हे हवे असते. पण माल फार लवकर थंड झाला, तर पाकाला दाण्यापर्यंत पोचायला वेळच मिळत नाही. तो जागच्या जागी असंख्य नवे बारीक दाणे टाकतो. याला कारखान्यात फॉल्स ग्रेन म्हणतात, खोटा दाणा. तो जाळीतून निसटतो, नाहीतर जाळी बुजवतो. दोन्हीकडून नुकसानच. पाकाच्या अंगावर साखरेचा जितका अधिक भार चढतो, तितका तो अधीर होतो. थोडा भार असला तर शहाण्यासारखा जुन्या दाण्यावर साखर बसवतो, भार फार झाला की वाटेल तिथे टाकून मोकळा होतो.

म्हणून पॅनमधून उतरलेला सी मॅसेक्विट 'क्रिस्टलायझर'मध्ये जातो. हा एक प्रचंड हौद. आत नळ्यांचे वेटोळे असते, नळ्यांतून थंड पाणी जाते आणि माल सावकाश ढवळला जातो. एखादा माल समजा 68 अंशांवर आला, तो 42 अंशांवर न्यायचा आहे. अंतर 26 अंश. तासाला एक अंश या चालीने 26 तास. एक दिवस आणि वर दोन तास, केवळ एका लगद्याला निवू देण्यासाठी! शेवटी त्याला थोडे पुन्हा गरम करायचे, पन्नासच्या आसपास, कारण 42 अंशांना तो डिंकासारखा होतो आणि जाळीत हलत नाही. तेही हळूच, नाहीतर इतक्या मिनतवारीने वाढवलेला दाणा विरघळून पुन्हा पाकात जायचा.

आता हे सगळे यंत्राकडे सोपवायचे म्हटले तर सरळ वाटते. यंत्राला सांगावे, "42 अंश." त्याने पाण्याची तोटी कमीजास्त करत तिथे पोचावे. यंत्राला गाठायला दिलेला जो आकडा असतो त्याला सेटपॉइंट म्हणतात. मी त्याला 'नेमलेला अंश' असा शब्द सुचवला होता. कामगारांनी तो आदराने ऐकून घेतला आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सेटपॉइंट म्हणाले. शब्द हातात रुळला असेल तर तो मराठीच झाला, असे माझे आता मत बनले आहे. भाषा विभागातल्या मित्रांनी रागावू नये.

तापमान आपले आपण राखणारे यंत्र ही काही आजची गोष्ट नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात राहणाऱ्या कोर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबवण्याची भट्टी केली होती. उष्णतेने फुगणारे मद्यार्क पाऱ्याला ढकलायचे आणि पारा धुराची झडप मिटवायचा. पण राखणे वेगळे आणि नेमके राखणे वेगळे. त्याचे गणित मांडले निकोलस मिनोर्स्की यांनी, 1922 साली. हे रशियात जन्मलेले, अमेरिकेत गेलेले अभियंते. त्यांच्यापुढचा प्रश्न होता युद्धनौकेचे सुकाणू आपोआप धरण्याचा. मला त्यांचे कौतुक वाटते ते यासाठी, की त्यांनी आधी चांगला सुकाणूवाला काय करतो ते पाहिले. तो नुसते "नौका किती वळली" एवढेच पाहत नाही. किती वेळ ती एकाच बाजूला ओढते आहे हे मनात धरतो, आणि ती किती वेगाने फिरते आहे हे पाहून आधीच हात उलटा घेतो. आत्ता किती चुकले, आजवर किती चुकत आले, आणि आता कुठे निघाले, असे हे तीन प्रश्न. आजही जगातल्या बहुतेक कारखान्यांतली तापमाने याच तीन प्रश्नांवर चालतात. एका अनुभवी माणसाच्या हातातून गणित निघाले, हे मी मुद्दाम ध्यानात ठेवायला सांगतो.

त्यानंतरची पायरी अमेरिकेतल्याच रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. मोटारींच्या कारखान्यांत तेव्हा रिलेंची कपाटेच्या कपाटे असत. काम बदलले की सगळ्या तारा सोडून पुन्हा बांधायच्या. मॉर्ली यांनी 1968 च्या नववर्षदिनी याला पर्याय म्हणून एका यंत्राचा आराखडा लिहिला, आणि त्यातून निघालेल्या पहिल्या यंत्राचे नाव 'मोडिकॉन 084' पडले, कारण त्यांच्या कंपनीचे ते चौऱ्याऐंशीवे काम होते. हेच पीएलसी, ज्याला काम लिहून देता येते असे नियंत्रक यंत्र. त्यातही माझ्या कामाची गोष्ट अशी, की या यंत्राची भाषा त्यांनी गणित्यांची ठेवली नाही. तारांची जोडणी कागदावर शिडीसारखी काढतात, तीच शिडी यंत्राला वाचायला शिकवली. त्यामुळे कारखान्यातला वायरमन पहिल्या दिवसापासून ती वाचू शकला. सूचनापत्र कसे लिहावे याचा याहून चांगला धडा मला कुठल्या भाषाशास्त्राच्या ग्रंथात मिळाला नव्हता.

आता आपल्या हौदाकडे येऊ. यंत्राला एकदम 42 सांगितले तर काय होते? माल 68 वर. यंत्र पाहते, 26 अंशांची चूक! ते तोटी पुरी उघडते. नळ्या गारठतात, नळीला लागून असलेला माल दगडासारखा चिकटतो आणि हौदाच्या मध्यभागी मात्र अजून आच असते. नळीजवळ खोटा दाणा पडतो. तिकडे यंत्राचा दुसरा प्रश्न, "आजवर किती चुकत आले", तासन्‌तास बेरीज करत बसलेला असतो. माल 42 वर पोचला तरी ती साचलेली बेरीज यंत्राला थांबू देत नाही. मालाचा पारा 40, 38 असा खाली निघून जातो, लगदा इतका घट्ट होतो की ढवळणारी मोटार रुसून बसते. यंत्राचा यात दोष नाही. पहिलीच्या मुलापुढे दहावीचे पुस्तक ठेवून "हे वाच" म्हटले तर मूल जे करील तेच ते करते.

उपाय असा, की आकडाच चालता ठेवायचा. आत्ता माल 68 वर आहे ना, मग नेमलेला अंशही 68. एका तासाने 67. आणखी एका तासाने 66. यंत्राच्या डोळ्यांसमोर चूक कधीच मोठी होत नाही. ते शांतपणे तोटी थोडी उघडते, थोडी मिटते, आणि चालत्या आकड्याच्या मागोमाग चालते. याला रॅम्प म्हणतात, म्हणजे उतार किंवा चढ. एका अंशावर काही तास ठेवायचे असेल तर त्याला इंग्रजीत सोक असा शब्द आहे. इथे मात्र मला मराठी शब्द शोधावा लागला नाही. "सहा तास मुरत ठेवणे" असे मी लिहिले आणि हौदावरच्या पोरांनी ते लगेच उचलले.

एकदा ही दृष्टी आली की जिकडेतिकडे रॅम्प दिसू लागतात. दसऱ्याच्या सुमारास कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते. आपल्याला तो नारळ फोडण्याचा समारंभ वाटतो. पण नव्या विटांच्या भट्टीत अग्नी पेटवल्यावर ती मंद आचेवर पुष्कळ वेळ वाळवावी लागते, नाहीतर विटेतल्या ओलीची वाफ होऊन टवके उडतात. विजेच्या मोटारीच्या गुंडाळीवर वार्निश चढवून ती भट्टीत भाजतात, तेव्हा एकदम आच दिली तर वार्निशाला फोड येतात. काच, चिनी माती, पोलाद, सगळ्यांचे हेच. घाईने तापवलेला किंवा निववलेला पदार्थ तिथल्या तिथे काही बोलत नाही. तो नंतर कुठेतरी तडकतो.

कल्पना सोपी. पण यंत्राला ती समजावताना एक अशी गंमत झाली की मी घरी येऊन मुलांना गणिताच्या कोड्यासारखी घातली. पीएलसी आपले काम सेकंदाला शेकडा वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने साधा विचार केला, की तासाला एक अंश म्हणजे दर वाचनाला 0.0000028 अंश, दर वाचनाला तेवढे वजा करावे. केले. कळ दाबली. तास गेला, दोन तास गेले. नेमलेला अंश 68 चा 68! तोटी ठीक, तारा ठीक, हिशेबही ठीक. मग?

यंत्राच्या या जातीच्या आकड्याला साधारण सातच अंक ध्यानात राहतात. 68 मधून 0.0000028 वजा केले तर उत्तर 67.9999972, हे लिहायला नऊ अंक लागतात. यंत्राला ते मावत नाही, म्हणून ते जवळचा मावणारा आकडा घेते. तो कोणता? 68. पुढच्या वाचनाला पुन्हा वजाबाकी, पुन्हा 68. तासाला तीन लाख साठ हजार वेळा ते प्रामाणिकपणे वजाबाकी करत होते आणि एक कणही कमी होत नव्हता. शंभराच्या नोटेतून कोणी रोज अर्धा पैसा मागावा आणि दुकानदाराने "सुटे नाहीत" म्हणून रोज नोट परत द्यावी, तसा हा व्यवहार.

यावर इलाज दोन. एक म्हणजे चिल्लर साठवून मिनिटाला एकदाच वजा करायची. मग तो आकडा यंत्राला दिसण्याइतका मोठा होतो. दुसरा इलाज अधिक देखणा. तुकडे वजा करायचेच नाहीत. सुरुवात किती वाजता झाली ते ध्यानात ठेवायचे आणि गेलेल्या वेळावरून आकडा काढायचा. पण देखण्या इलाजाला त्याची स्वतःची मेख असते. वीज गेली आणि दोन तासांनी आली, तर घड्याळ म्हणते दोन अंश उतरायला हवे होते, आणि यंत्र एकदम दोन अंशांची उडी मारते. म्हणून सूचनापत्रात एक वाक्य जाड ठशात घालावे लागले, की यंत्रणा पुन्हा सुरू होताना आकडा मालाच्या आत्ताच्या तापमानापासून सुरू व्हावा. घड्याळापासून नाही आणि जुन्या आकड्यापासूनही नाही. त्याच्या जोडीला आणखी एक. माल चालत्या आकड्याच्या दीड अंशाहून मागे पडला, तर आकड्याने जागीच थांबावे, माल जवळ आला की पुढे निघावे. लहान मुलाचे बोट धरून चालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही, यंत्राला लागते.

आता ज्यांच्यासाठी मी हे सगळे लिहायला घेतले त्या माणसाबद्दल. पॅनवर काम करणाऱ्या मुख्य कारागिराला पॅनमन म्हणतात. त्या कारखान्यातले पॅनमन त्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. सगळे त्यांना मामा म्हणत. वडीलही पॅनवरच होते. मामांची प्रयोगशाळा म्हणजे एक काचेची पट्टी. पॅनच्या अंगातून एक दांडा ओढला की त्याच्या खाचेत थोडा माल येतो. मामा तो काचेवर पसरत, दिव्यासमोर धरत, मग थोडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात घेऊन बोटे हळूच लांब करत आणि तार पाहत. होय, तीच तार. आपल्या आजी-आई लाडवांच्या पाकात जी पाहतात ती. कारखान्यातही तिच्या लांबीवरून दाट-पातळ ओळखतात. गुऱ्हाळातला गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून गोळी वळवतो, तो याच घराण्यातला.

नव्या यंत्रणेत ताशी एक अंश असा सरळ उतार घातला होता. मामा दोन दिवस पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याला म्हणाले, "साहेब, हे यंत्र रस्ता सरळ आहे असं धरून चाललंय."

"म्हणजे काय मामा?"

"माल ताजा, तापलेला असतो तोवर घाई सोसतो. एकदा अंग धरलं की सोसत नाही. वर थोडी घाई केली तरी चालंल, खाली अजिबात नको."

केमिस्टाने मला नंतर त्याचे शास्त्र सांगितले. माल गार होत जातो तसा पाकाचा चिकटपणा झपाट्याने वाढतो, आणि साखरेला पाकातून वाट काढत दाण्यापर्यंत पोचायला वेळ लागू लागतो. तेव्हा वरच्या अंशांत उतार थोडा अधिक आणि खालच्या अंशांत कमी, हेच बरोबर. प्रत्येक पदार्थाला हाच न्याय लागतो असेही नाही. मलिन आणि निव्हल्ट या दोन शास्त्रज्ञांनी 1971 साली दाखवले, की थोडेसेच बियाणे पेरून थंड करायचे असेल तर उलट करावे. आरंभी फार हळू, कारण साखर बसायला दाण्यांची जागाच कमी असते, आणि पुढे दाणे वाढले की भरभर. क्रिस्टलायझरमधला माल तर आधीच दाण्यांनी गच्च भरलेला. मामांनी यांतले काही वाचलेले नव्हते. त्यांनी हौद वाचला होता.

मग सरळ उतार काढून टाकला आणि तक्ता केला: कुठल्या अंशापासून कुठल्या अंशापर्यंत, किती तासांत, कुठे किती मुरत ठेवायचे. मामा सांगत, केमिस्ट तपासत, मी लिहीत. त्या आठ-दहा संध्याकाळी मला वाटत राहिले, की अशा किती विद्या केवळ कोणी विचारले नाही म्हणून धुराड्यातून वर गेल्या असतील. मामा मात्र यात भावुक वगैरे अजिबात नव्हते. "बोटं किती दिवस चालणार? लिहून घ्या," एवढेच म्हणाले. उलट नव्या यंत्राचे त्यांना फार अप्रूप. रात्रपाळीला डुलकी लागली तरी आकडा तासाला जेवढा उतरायचा तेवढाच उतरतो, हे त्यांना माणसाच्या आटोक्याबाहेरचे वाटे. "मी तीस वर्षं जागलो ते ह्या कामासाठी," ते म्हणाले, "हे पोरांना जागायला नको."

पण एका ठिकाणी ते अडले आणि कोणाला ऐकेनात. तक्ता एकच करायला त्यांचा विरोध होता. फडाला आग लागून आलेला जळीत ऊस, किंवा तोडून चार दिवस उन्हात पडलेला ऊस, यांचा माल तारेसारखा ओढतो, दाणा सुईसारखा लांबट येतो. त्याला ताज्या उसाचा तक्ता लावला तर सगळे बिघडणार. याचेही कारण पुस्तकात आहे. शिळ्या उसात सूक्ष्म जंतू साखरेचा डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात, आणि तो दाण्याला एका अंगाने वाढू देत नाही. तापमापकाला ते कळत नाही. त्याला 60 अंश म्हणजे 60 अंश, ऊस ताजा असो की जळका. उसाला तोडणी कधी मिळाली, फड पेटला की पेटवला, मजुरांची टोळी वेळेवर आली की नाही, हे सगळे त्या हौदात उतरलेले असते आणि यंत्राच्या पडद्यावर त्यातले अक्षरही नसते.

केमिस्ट आणि यंत्रणा बसवणारे यांची यावर बरीच बोलाचाली झाली. बसवणाऱ्यांचे म्हणणे, की माणसाला मध्ये आणले की स्वयंचलित कसले. त्यांचेही अगदीच चूक नव्हते. अर्ध्या झोपेतला माणूस चुकीचा तक्ता लावू शकतो. शेवटी ठरले ते असे. आता माल हौदात आला की यंत्र उतार आपोआप सुरू करत नाही. पडद्यावर मराठीत दोन चौकोन येतात, 'ताजा ऊस' आणि 'जळीत / शिळा ऊस', आणि वर एक ओळ: 'काच पाहून निवडा.' पाळीवरचा माणूस दांडा ओढतो, काचेवर माल पसरतो, दिव्यासमोर धरतो आणि मग एक चौकोन दाबतो. तोवर नेमलेला अंश मालाच्या अंशावरच थांबून राहतो. ती ओळ मी लिहिली आहे. माझ्या छापील लिखाणात रोज सर्वाधिक वाचली जाणारी ओळ बहुधा हीच असावी.

गेल्या हंगामात मामा नव्हते. शेवटी शेवटी उन्हाळ्यात जळिताचा ऊस बराच आला, तेव्हा दुसऱ्या तक्त्यातल्या खालच्या दोन पायऱ्यांचे तास केमिस्टाने वाढवले. त्या पायऱ्यांवरचा एक तरुण पॅनमन म्हणतो, अजून एक तास वाढवायला हवा. यंदाच्या हंगामासाठी तक्त्याची नवी प्रत माझ्याकडे आली आहे. खालच्या पायरीच्या रकान्यात त्याने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.